ऐंशीव्या वर्षाचा पाहुणा

आपल्या समाजात वाढदिवस साजरा करण्याची रीत फार जुनी नाही. मुलाचा अकीका होतो, बिस्मिल्लाह होते, पुढे निकाह होतो. पण जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवीत नसे. 'प्लेगच्या साली', 'मोठा पूर आला त्या वर्षी', 'थोरल्याच्या लग्नात हा रांगत होता' अशा खुणांनी वय सांगितले जाई. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख टाकली आणि तीच जन्मभर कागदोपत्री राहिली, असे बुजुर्ग महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. ते हिंदूंत आहेत तसे मुसलमानांतही आहेत.

तरीही गेल्या काही दशकांत आपण शेजाऱ्यांकडून षष्ट्यब्दीपूर्ती, अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन हे शब्द घेतले आणि ते आपल्या अंगणात रुजलेही. आज कौमच्या एखाद्या जुन्या खिदमतगाराला पंच्याहत्तर किंवा ऐंशी वर्षे झाली की उर्दू शाळेच्या पटांगणात नाहीतर शादीखान्यात मंडप पडतो. शाल येते, श्रीफळ येते, मानपत्राचे वाचन होते, जमलीच तर थैलीही दिली जाते. तिलावतने सुरुवात होते आणि राष्ट्रगीताने शेवट होतो. यात आम्हांला काहीच गैर वाटत नाही. उलट, हयातभर राबलेल्या माणसाला त्याच्या डोळ्यांदेखत चार चांगले शब्द ऐकवणे ही सभ्यताच आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. शाल घडी करून कपाटात गेल्यावर त्या बुजुर्गाच्या सांगण्याचे काय होते?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला १९६९ सालचा एक सत्कार सतत आठवत राहतो. सत्कारमूर्ती होते खान अब्दुल गफ्फार खान, म्हणजे बादशाह खान, मराठी वाचकांचे सरहद्द गांधी. निमित्त होते त्यांच्या ऐंशीव्या वर्षाचे आणि महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे. यजमान होता भारत देश. आणि पाहुण्याने यजमानाला सर्वांसमक्ष कान धरून जे सुनावले, ते ऐकण्याची तयारी त्या मंडपात फारशी नव्हती.

त्यांची जन्मतारीखही अशीच हरवलेली. पेशावरच्या उत्तरेला चारसद्दा भागातल्या उतमानझई या गावी बहराम खान नावाच्या जमीनदाराच्या घरी हा मुलगा जन्मला. पठाणांत जन्माची नोंद ठेवण्याची चाल नव्हती. थोरल्या भावाच्या लग्नाच्या वेळी तू अकरा वर्षांचा होतास, ही आईची आठवण. तिच्यावरून १८९० हे साल काढले गेले. पुढे चरित्रकोशांनी ६ फेब्रुवारी ही तारीख छापायला सुरुवात केली. हिजरी सालाने मोजले तर ऐंशी इंग्रजी वर्षांची ब्याऐंशीहून अधिक चांद्रवर्षे होतात. म्हणजे जो वाढदिवस देशाने साजरा केला त्याचा दिवस अंदाजाचा होता, आणि स्वतः उत्सवमूर्तीला त्याचे काही देणेघेणे नव्हते.

पण मग हा माणूस आपल्या लोकांचा बुजुर्ग झाला कसा? वयाने नव्हे, हे नक्की. पेशावरच्या मिशन शाळेत शिकलेल्या या तरुणाला 'गाइड्स' या मानाच्या पलटणीत अधिकारी होण्याची संधी होती. एका गोऱ्या अधिकाऱ्याने हिंदी अधिकाऱ्याचा केलेला अपमान पाहून त्याने ती वाट सोडली. थोरला भाऊ डॉक्टरकीसाठी विलायतेला गेला होता. आईने धाकट्याला जाऊ दिले नाही. तेव्हा त्याने गावीच राहून शाळा काढण्याचे काम हाती घेतले. १९१० च्या सुमारास, तुरंगझईच्या हाजीसाहेबांच्या साथीने, उतमानझईत पहिली शाळा उभी राहिली. मुल्लांना ती खपली नाही आणि सरकारलाही खपली नाही. रौलट कायद्याविरुद्ध १९१९ साली गावात सभा झाली, तुरुंगवास घडला, आणि त्याच काळात लोक या तिशीच्या आतल्या तरुणाला 'बादशाह' म्हणू लागले. १९२१ साली त्याने पुन्हा 'आझाद' शाळा काढली, १९२८ मध्ये 'पख्तून' हे पुश्तू मासिक सुरू केले. ज्या भाषेत शाळा नव्हती आणि छापील मजकूर जवळजवळ नव्हता, त्या भाषेत मासिक काढणे म्हणजे काय, हे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

नोव्हेंबर १९२९ मध्ये 'खुदाई खिदमतगार' ही संघटना निघाली. खुदाला कोणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या मखलूकाची, त्याने निर्मिलेल्या माणसांची सेवा करायची, हा तिचा अर्थ. सेवकाने शपथ घ्यायची ती अशी: हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, भांडणतंट्यापासून दूर राहीन, दिवसाचे किमान दोन तास समाजाच्या कामाला देईन. पठाणांच्या रिवाजात 'बदल', म्हणजे सूड, हे इज्जतीचे कलम आहे. एका खुनाचा बदला तिसरी पिढीही घेते. ज्या समाजात बंदूक हा पोशाखाचाच भाग होता, त्या समाजाकडून ही शपथ घ्यायची होती. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून खिदमतगारांनी ते विटकरी रंगात बुडवले आणि इंग्रजांनी त्यांना 'लाल डगलेवाले' ठरवून बोल्शेविकांशी त्यांचे नाते जोडले.

ही अहिंसा बादशाह खानांनी गांधीजींकडून उसनी घेतली, असा एक सोपा समज आपल्याकडे आहे. त्यांचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. सब्र हे पैगंबरसाहेबांचे हत्यार आहे, मक्केत छळ सोसताना त्यांनी आणि त्यांच्या साथींनी तेच वापरले, आपण मात्र ते विसरलो. गांधीजींमुळे त्याची आठवण झाली, असे ते सांगत. नमाज-रोजा काटेकोर पाळणारा हा माणूस होता. आपली अहिंसा त्यांनी कुराणातून आणि सीरतमधून मांडली, म्हणून ती पठाणांना परकी वाटली नाही.

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात या शपथेची परीक्षा झाली. त्याच दिवशी बादशाह खानांना अटक झालेली होती. निःशस्त्र जमावावर लष्कराने गोळीबार केला. माणसे पडत राहिली, मागची पुढे येत राहिली. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांचा मेळ कधीच बसला नाही. गढवाली पलटणीच्या शिपायांनी, हवालदार चंद्रसिंह यांच्या पुढाकाराने, गोळी झाडायला नकार दिला आणि कोर्टमार्शलची शिक्षा भोगली. पठाण मुसलमानांवर गोळी न झाडणारे ते शिपाई हिंदू होते, हेही इतिहासात लिहिलेले आहे.

त्यानंतर तीनच आठवड्यांत, मे १९३० मध्ये, आपल्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. पेशावर आणि सोलापूर ही दोन गावे एकाच वर्षाच्या इतिहासात अशी शेजारी बसलेली आहेत. कुर्बान हुसेन हे तरुणपणीच गेले. ऐंशीव्या वर्षाचा मान त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

बादशाह खानांचे आणि महाराष्ट्राचे नाते त्याहून जवळचे आहे, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांना ते ठाऊक नसेल. ऑगस्ट १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून दोघा खानबंधूंची सुटका झाली. पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल टाकायला सरकारने त्यांना बंदी केली. घर बंद झालेला हा पठाण जमनालाल बजाजांचा पाहुणा म्हणून वर्ध्याला आला. गांधीजी तेव्हा वर्ध्यातच होते. प्रार्थनेला बसावे, तुलसीरामायण ऐकावे, आपली नमाज अदा करावी, असा त्यांचा क्रम होता. मुलगी मेहरताज हिलाही त्यांनी वर्ध्याच्या आश्रमात शिकायला ठेवले. महादेवभाई देसाईंनी याच मुक्कामात दोघा भावांशी बोलून त्यांचे छोटेखानी चरित्र लिहिले. ते १९३५ साली निघाले.

मराठी घरात त्या काळी पठाण माहीत होता तो दारात काठी आपटणारा सावकार म्हणून. 'पठाणी व्याज', 'पठाणी वसुली' हे शब्द आपल्या भाषेत तेव्हापासून आहेत. त्या मराठी मुलखात एक पठाण येऊन राहिला आणि त्याने कुणाकडे काही मागितले नाही. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईत वरळीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अधिवेशनाच्या नगरीला 'अब्दुल गफ्फार नगर' हे नाव दिले गेले. अध्यक्षपद त्यांनी घ्यावे असा आग्रह झाला. आपण शिपाई आहोत, शिपाईच राहू द्या, म्हणून त्यांनी ते नाकारले. याच मुक्कामात मुंबईतील ख्रिस्ती बांधवांच्या एका सभेत त्यांनी पेशावरच्या गोळीबाराची हकीकत सांगितली. ते भाषण राजद्रोहाचे ठरले. डिसेंबरात वर्ध्याहून त्यांना पकडून मुंबईला नेले आणि दोन वर्षांची सजा दिली. अवघे तीन महिने मोकळी हवा मिळाली होती.

एका मराठी माणसाने हे ऋण थोडेफार फेडले, तेही नोंदवले पाहिजे. गांधीजींचे आठ खंडांचे चरित्र लिहिणारे दीनानाथ गोपाळ तेंडुलकर हे मूळ रत्नागिरीचे. त्यांनीच बादशाह खानांचे मोठे इंग्रजी चरित्र लिहिले. १९६७ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा चरित्रनायक अफगाणिस्तानात होता आणि भारतातली नवी पिढी त्याला विसरली होती.

ती विसरली याचे कारण १९४७ मध्ये आहे. फाळणीच्या विरोधात शेवटपर्यंत उभे राहिलेल्यांत बादशाह खान होते. १९४६-४७ मध्ये बिहारच्या दंगलग्रस्त मुसलमानांच्या गावांतून ते गांधीजींबरोबर हिंडले. जूनमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने फाळणीची योजना मान्य केली, तेव्हा तुम्ही आम्हांला लांडग्यांपुढे टाकलेत, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. सरहद्द प्रांताच्या सार्वमतात भारत की पाकिस्तान एवढाच प्रश्न होता. पख्तुनांना तिसरा पर्याय नव्हता, म्हणून खुदाई खिदमतगारांनी त्यावर बहिष्कार घातला. प्रांत पाकिस्तानात गेला. बादशाह खानांनी ते स्वीकारले, फेब्रुवारी १९४८ मध्ये पाकिस्तानच्या घटना परिषदेत निष्ठेची शपथही घेतली. काही महिन्यांतच त्यांना तुरुंगात टाकले गेले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाबरा येथे त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला. या वेळी गोळ्या झाडणारे सरकार स्वतःच्याच देशाचे आणि स्वतःच्याच धर्माचे होते. इंग्रजांचे आणि पाकिस्तानचे मिळून सुमारे तीस वर्षांचे तुरुंगवास या एका माणसाने भोगले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९६२ साली त्यांना वर्षाचा कैदी म्हणून निवडले. १९६४ मध्ये प्रकृती पार ढासळल्यावर सुटका झाली, उपचारांसाठी इंग्लंडला जाता आले, आणि तिथून ते अफगाणिस्तानात, जलालाबादेला जाऊन राहिले.

जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने ऐंशीव्या वर्षाच्या सत्काराची तयारी सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. फाळणीच्या वेळी ज्याला सोडून दिले, त्याला बावीस वर्षांनी मानाने बोलावून थैली अर्पण करायची होती. कल्पना उदात्त होती, आणि तिच्यात थोडी अपराधाची बोचणीही असावी. १ ऑक्टोबर १९६९ रोजी बादशाह खान दिल्लीत उतरले. विमानतळावर पंतप्रधान इंदिरा गांधी आणि जयप्रकाश हजर होते. पाहुण्याच्या हातात कपड्यांचे एक गाठोडे होते, दुसरे सामान नव्हते. ते गाठोडे इंदिराजींनी घ्यायला हात पुढे केला आणि म्हाताऱ्याने ते दिले नाही, ही गोष्ट त्या दिवसापासून सांगितली जाते.

पण त्या आगमनाला दुसरी एक पार्श्वभूमी होती. दोनच आठवडे आधी, १८ सप्टेंबरपासून, गांधीजींच्या अहमदाबादेत भीषण दंगल उसळली होती. सरकारी आकड्यांनुसारच सहाशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. जिथे साबरमतीचा आश्रम, तिथेच शताब्दीच्या तोंडावर ही कत्तल. २ ऑक्टोबरला देशभर शताब्दीचे सोहळे झाले. दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, ऐंशीव्या वर्षात असलेल्या या पाहुण्याने दिल्लीत तीन दिवसांचा उपवास सुरू केला.

आम्हांला या प्रसंगाचे मोल फार वाटते. सत्काराला आलेल्या माणसाने यजमानाच्या घरी अन्न न घेणे, याचा अर्थ पठाणाइतका कुणाला कळणार? पठाणांच्या रिवाजात मेहमाननवाजी हे सर्वांत मोठे कर्तव्य आहे. पाहुण्याने ताटाला हात न लावणे हा यजमानाला मिळणारा सर्वांत मोठा ठपका. उपवास संपल्यावर ते अहमदाबादेला गेले आणि दंगलग्रस्तांना भेटले. राजगीरच्या सर्वोदय संमेलनाला गेले, विनोबांना भेटले. गावोगावच्या सभांत ते बोलत राहिले. लोक हार घेऊन येत, आणि हा माणूस म्हणे, हारांचे काय करू, मी ज्यासाठी आलो ते सांगा.

नोव्हेंबरात त्यांना आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा १९६७ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला गेला. २४ नोव्हेंबरला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांपुढे त्यांचे भाषण झाले. त्याच महिन्यात सत्ताधारी काँग्रेस फुटलेली होती आणि सभागृहातल्या अनेकांचे लक्ष कोण कोणाकडे आहे याच्या मोजदादीत होते. बादशाह खानांनी त्यांना सांगितले की, तुम्ही बुद्धाला जसे विसरलात तसे गांधींनाही विसरत चालला आहात. टाळ्या झाल्या. आपल्याकडे कानउघाडणीलाही टाळ्या पडतात, आणि टाळ्या पडल्या की कानउघाडणी संपते.

१९७० च्या आरंभी ते अफगाणिस्तानला परतले. त्यांच्या आणि जयप्रकाशांच्या प्रयत्नांतून 'इन्सानी बिरादरी' ही संस्था १९७० मध्ये उभी राहिली. तिने काही काळ चांगले काम केले, पण ती समाजात खोल मुळे धरू शकली नाही. पाहुणा गेल्याला पुरते तीन-चार महिनेही झाले नव्हते, तोच मे १९७० मध्ये आपल्या महाराष्ट्रात भिवंडी पेटली, पाठोपाठ जळगाव आणि महाड. शंभराहून अधिक माणसे मेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने पुढे त्याचा सविस्तर अहवाल दिला. दिल्लीत उपवास सुटला होता, पण ज्या कारणासाठी तो केला होता ते कारण भिवंडीच्या मागांपर्यंत येऊन पोहोचले होते.

याच काळात, २२ मार्च १९७० रोजी, पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. दलवाई आणि बादशाह खान यांचे मार्ग वेगळे होते. एक इहवादी, धर्मचिकित्सा करणारा. दुसरा धर्मातूनच सुधारणेची भाषा बोलणारा. आपल्या वार्षिकांत दलवाईंवर आजवर बरेच लिहिले गेले, वादही झाले, आणि ते व्हायलाच हवेत. बादशाह खानांवर मात्र दोन्ही बाजूंनी मौन आहे. परंपरावाद्यांना ते काँग्रेसवाले म्हणून नकोत, सुधारणावाद्यांना ते नमाजी म्हणून अडचणीचे. आणि बहुसंख्याक समाजातले काही जण त्यांचा फोटो भिंतीवर लावतात तो 'राष्ट्रीय मुसलमान कसा असावा' याचा दाखला म्हणून, म्हणजे आपल्याला दाखवण्यासाठी. बादशाह खान कुणाचे प्रशस्तिपत्र व्हायला जन्मले नव्हते. ज्या देशाने त्यांना भारतरत्न दिले त्या देशाला त्यांनी अहमदाबादेबद्दल जाब विचारला, आणि ज्या देशाचे ते नागरिक होते त्या देशाला बाबराबद्दल. त्यांना मानायचे तर दोन्ही जाबांसकट मानावे लागेल.

डिसेंबर १९७२ मध्ये ते पाकिस्तानात परतले. पुन्हा अटका झाल्या. डिसेंबर १९८५ मध्ये काँग्रेसच्या शताब्दीसाठी ते मुंबईत आले होते, पंच्याण्णव वर्षांचे. ज्या मुंबईत १९३४ साली त्यांच्या नावाची नगरी वसली आणि ज्या मुंबईच्या भाषणासाठी सजा झाली, त्या मुंबईला ही सलामी. १९८७ साली भारतरत्न जाहीर झाले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन जलालाबादेला झाले. अफगाणिस्तानात युद्ध पेटलेले होते. त्या दफनासाठी दोन्ही बाजूंनी बंदुका थांबवल्या आणि हजारो माणसे खैबर ओलांडून गेली. तरी तिथेही स्फोट झाले, माणसे मेली. निधनानंतरचा त्यांचा गौरवही असाच झाला. चारसद्द्याला २०१२ साली त्यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. २० जानेवारी २०१६ रोजी, त्यांच्या पुण्यतिथीला, तिथे त्यांच्या स्मरणार्थ मुशायरा ठरलेला असताना अतिरेक्यांनी हल्ला केला आणि सुमारे वीस जणांचे प्राण घेतले. आयुष्यभर शाळा काढणाऱ्या माणसाच्या नावाच्या शाळेवरच गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. लोक त्याला 'सी फेस' म्हणतात.

मग बुजुर्गाचा सन्मान करायचा कसा? आमच्या पाहण्यात त्याचे एक उत्तर आले आहे. मुकुलिका बॅनर्जी या सामाजिक मानववंशशास्त्रज्ञ विदुषी १९९० च्या दशकात सरहद्द प्रांतात गेल्या आणि हयात असलेल्या खुदाई खिदमतगारांना शोधू लागल्या. बादशाह खानांवर पुस्तके होती. पण ज्यांनी शपथ घेतली, लाठ्या खाल्ल्या, थंडीत तुरुंगाच्या फरशीवर रात्री काढल्या, त्या साध्या शेतकऱ्यांचे म्हणणे कुणी लिहून घेतले नव्हते. पाकिस्तानी सरकारला ते नको होते, आणि संघटनेचे पुष्कळसे कागद छाप्यांत नष्ट झाले होते. त्या सत्तरेक वृद्धांशी त्या बोलल्या. त्यांतले बरेच जण अगदी थकलेले होते. सूड न घेण्याची शपथ तुम्ही पाळलीत ती कशी, घरच्यांना काय सांगितलेत, असे प्रश्न त्यांनी विचारले. २००० साली त्यांचे 'द पठान अनआर्म्ड' हे पुस्तक निघाले. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर उत्तरे द्यायला कुणी उरले नसते.

आपल्याकडे उशीर होतोच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले मुसलमान, हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध उभे राहिलेले मुसलमान, मालेगाव-भिवंडी-सोलापूरच्या मागांवर युनियन बांधणारे, खेड्यात पहिली उर्दू किंवा मराठी शाळा मागून आणणारे, मुलींना शाळेत पाठवले म्हणून जमातीचे बोल खाणाऱ्या बायका, दंगलीच्या रात्री मोहल्ल्याच्या तोंडाशी हात जोडून उभे राहिलेले दोन्ही बाजूंचे म्हातारे, या सर्वांचा इतिहास कुठल्या दफ्तरात आहे? सरकारी कागदांत आपण बहुधा 'जमाव' म्हणून येतो, नाहीतर मृतांच्या आकड्यांत. बाकीचे सारे माणसांच्या आठवणींत आहे आणि आठवणींचे मालक एकेक करून कब्रस्तानच्या वाटेने चालले आहेत. आपला इतिहास कुणी लिहीत नाही, अशी तक्रार आपण करतो. तक्रार खरी आहे. पण लिहून घेण्याजोगे जे आपल्याच ओट्यावर बसले आहे, त्याला आपण शाल पांघरून गप्प करतो, हेही तितकेच खरे आहे.

गौरवग्रंथांचे हाल तर विचारू नका. त्यांत पुढाऱ्यांचे शुभसंदेश असतात, छायाचित्रे असतात, जाहिराती असतात आणि सत्कारमूर्तीचे स्वतःचे म्हणणे दोन पानांत उरकलेले असते. तेही गोड गोड. ज्या म्हाताऱ्याने वक्फच्या जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याने कुणाकुणाविरुद्ध झिजवल्या ते त्यात नसते, कारण त्यांतले काही जण मंचावर बसलेले असतात. बादशाह खानांनी १९६९ मध्ये जे केले ते आपल्या मंचावर कुणा बुजुर्गाने केले, तर आपण त्याचे ऐकून घेऊ की माइक हळूच बाजूला सरकवू?

म्हणून आमचे सुचवणे अगदी साधे आहे. जिथे कुठे कौमच्या एखाद्या वडीलधाऱ्याचा अमृतमहोत्सव ठरेल, तिथल्या समितीने मंडपाच्या आधी दोन तरुण नेमावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांनी महिनाभर त्या बुजुर्गाकडे जाऊन बसावे. आता खिशातल्या मोबाइलवरही आवाज टिपता येतो. त्यासाठी वेगळा खर्च नाही. जन्मतारीख विचारू नये, ती बहुधा १ जूनच असेल. काय पाहिले ते विचारावे. कुणाशी भांडलात, कुठे हरलात, कुठे गप्प बसलात, शेजारच्या हिंदू घरांशी नाते कसे होते आणि कोणत्या सालापासून बदलले, घरातल्या बायकांनी काय सोसले, हे विचारावे. ते जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत, दखनी असेल तर दखनीत, कोकणी असेल तर कोकणीत, लिहून काढावे. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी, एक शाळेत. आणि सत्काराच्या दिवशी पुढाऱ्यांची भाषणे निम्म्यावर आणून त्यातली दहा पाने वाचून दाखवावीत, कडू पाने आधी.

शाल जरूर द्यावी. थंडीच्या दिवसांत ती म्हाताऱ्या माणसाच्या उपयोगी पडते.